प्रत्यय बदलला म्हणजे पॅराडाइम बदलत नाही!

क्रांती चौकातली सभा असो की शहरातले एखादे अभ्यास शिबिर, आजकाल भाषणात एक शब्द हमखास येतो : पॅराडाइम शिफ्ट. पक्ष बदलणारा नेता म्हणतो, राजकारणाचा पॅराडाइम बदलला. व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग घेणारा म्हणतो, आपला पॅराडाइम बदला, परिस्थिती आपोआप बदलेल. समरसतेचे प्रचारक म्हणतात, संघर्षाचा पॅराडाइम जुना झाला. टाळ्या पडतात. पण टाळ्या वाजवणाऱ्या आमच्या तरुणांनी वक्त्याला एक प्रश्न विचारला पाहिजे : साहेब, कोणत्या अर्थाने? कारण या शब्दाचे अर्थ अनेक आहेत आणि फसवणूक त्यांच्या अदलाबदलीतच होते.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे नमुना, दाखला. आपल्या मराठीत त्याच्या अगदी जवळचा शब्द आहे कित्ता. शाळेत ज्यावरून अक्षर गिरवायचे तो कित्ता.

व्याकरणात पॅराडाइम म्हणजे रूपावली, विभक्तीचा तक्ता. 'जात' हाच शब्द घ्या. जात, जातीला, जातीने, जातीत, जातीचा. जातीला मान, जातीने ओळख, जातीत लग्न, जातीचा उमेदवार! रूपे बदलतात, प्रत्यय बदलतात, मूळ शब्द मात्र जागचा हलत नाही. व्याकरणातल्या पॅराडाइमचे वैशिष्ट्यच हे की सगळे बदलल्यासारखे दिसते आणि मूळ कायम राहते.

संगणकशास्त्रात अर्थ आणखी वेगळा. रॉबर्ट फ्लॉइड यांनी १९७८ चे ट्युरिंग पारितोषिक स्वीकारताना प्रोग्रामिंगच्या पॅराडाइमवरच व्याख्यान दिले होते. तिथे पॅराडाइम म्हणजे प्रोग्राम रचण्याची पद्धत. एकाच कामात दोन-तीन पद्धती सुखाने नांदू शकतात. कामाप्रमाणे निवड करा, भांडण नाही.

थॉमस कुन यांचा अर्थ या दोन्हींच्या उलट टोकाचा आहे. वैज्ञानिक क्रांतीवरचे त्यांचे पुस्तक १९६२ साली आले. त्यांचे म्हणणे असे की शास्त्रज्ञ एका चौकटीत काम करतात. कोणते प्रश्न विचारायचे आणि कोणते उत्तर ग्राह्य धरायचे हे ती चौकटच ठरवते. पृथ्वी मध्यभागी मानणारे विद्वान ग्रहांची गती जुळवण्यासाठी वर्तुळावर वर्तुळे चढवत राहिले. कोपर्निकसने १५४३ मध्ये आणखी एक वर्तुळ चढवले म्हणून तो मोठा नाही. त्याने मध्यच बदलला, म्हणून मोठा. मार्गारेट मास्टरमन या विदुषीने कुनच्या पुस्तकातच या शब्दाचे एकवीस वापर मोजून दाखवले. त्यानंतर कुन यांनी दोन मुख्य अर्थ वेगळे केले : एक, अभ्यासकांच्या समूहाची सामाईक चौकट, दुसरा, जो सोडवलेला दाखला गिरवून विद्यार्थी ते शास्त्र शिकतो तो. म्हणजे पुन्हा आपला कित्ताच!

आता हे अर्थ आमच्या इतिहासाला लावून पाहू. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात तरुण भीमराव आंबेडकर जातीवर निबंध वाचतात. सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले अशा विद्वानांनी विटाळ, व्यवसाय, वंश यांत जातीचे मूळ शोधले होते. बाबासाहेबांनी बोट ठेवले जातीतल्या लग्नावर. हे नवे वर्तुळ नव्हते, मध्यच बदलला होता. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले, तो आमचा कित्ता झाला. हक्क कसा बजावायचा हे त्या एका दाखल्यावरून पिढ्या शिकल्या. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा प्रश्न होता : आम्हाला आत का घेत नाही? १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात प्रश्नच बदलला : या धर्मात आम्ही राहायचेच कशाला? याला म्हणतात पॅराडाइम शिफ्ट. जुन्या प्रश्नाचे नवे उत्तर नव्हे, प्रश्नच नवा.

आमच्या मराठवाड्याचा अनुभवही हेच सांगतो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि गावोगावी दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. एका नावासाठी एवढी आग? कारण हा नुसता पाटीचा प्रश्न नाही, ज्ञानाच्या मध्यभागी कोण बसणार याचा प्रश्न आहे, हे जाळणाऱ्यांना पक्के कळले होते. पोचिराम कांबळे, गौतम वाघमारे यांच्यासारख्यांनी प्राण दिले. १४ जानेवारी १९९४ ला मिळाले काय? नामविस्तार! आंदोलकांनी अंतर मागितले, सरकारने विस्तार दिला. शहिदांचे मोल यामुळे तसूभरही कमी होत नाही, तो विजय आमचाच आहे. पण सत्ता चौकट वाचवून रूप कसे बदलून देते, याचा यापेक्षा स्पष्ट धडा दुसरा नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. जे खरोखर पॅराडाइम बदलतात ते भाषणात हा शब्द वापरत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये १०३ वी घटनादुरुस्ती झाली. आर्थिक दुर्बलांना १० टक्के आरक्षण मिळाले आणि त्यातून अनुसूचित जाती, जमाती व ओबीसींमधले गरीब वगळले गेले. १९९२ मध्ये इंद्रा साहनी खटल्यात निव्वळ आर्थिक निकषावरचे असेच १० टक्के सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले होते. ७ नोव्हेंबर २०२२ ला त्याच न्यायालयाने ३ विरुद्ध २ मतांनी नवी दुरुस्ती वैध ठरवली. संविधानाच्या कलम १६(४) चा प्रश्न होता : राज्याच्या सेवेत कोणाला पुरेसे प्रतिनिधित्व नाही? नवा प्रश्न आहे : उत्पन्न किती? इथे टक्केवारी नव्हे, आरक्षणाचा मध्यच हलवला गेला.

आणि आमचे तरुण काय करतात? वादात समोरचा म्हणतो, "आमच्यातही गरीब आहेत." आमचा मुलगा उत्तर देतो, "आमच्यात जास्त गरीब आहेत." झाले! त्याने प्रतिपक्षाची चौकट स्वीकारली. उद्या त्याच चौकटीत त्याला विचारले जाईल, "तुझे वडील तर नोकरीला आहेत, मग तुला कशाला?" आणि त्याच्याकडे उत्तर नसेल. गरिबीवर उपाय म्हणून शिष्यवृत्ती, रोजगार, जमीन द्या. सर्वांच्या गरिबांना द्या, आम्ही सोबत आहोत. पण आरक्षण हा गरिबी हटावचा कार्यक्रम नाही. जातीने सत्तेबाहेर ठेवलेल्यांचा तो सत्तेतला वाटा आहे.

काही सुशिक्षित मित्र म्हणतात, थोडी समता घ्या, थोडी समरसता घ्या, टोकाला कशाला जाता? ते संगणकाचा अर्थ समाजाला लावत आहेत. प्रोग्राममध्ये दोन पद्धती नांदतील. पण जात मोडायची आणि जातीत राहून गोडीने वागायचे, या दोन गोष्टी एका घरात नांदत नाहीत.

तरुण मित्रांनो, १८५७ च्या बंडातल्या शिपायांना जिथे देहदंड दिला गेला त्या काळ्या चबुतऱ्याची आठवण क्रांती चौकाच्या नावात आहे. त्या चौकात उभे राहून कोणी पॅराडाइम शिफ्टची घोषणा केली तर टाळी वाजवण्याआधी तपासा : प्रश्न बदलला की फक्त उत्तराची भाषा? मध्यभागी कोण होते आणि आता कोण आहे? जातीतले लग्न, जातीचा उमेदवार, जातीने ठरणारी वस्ती, यातले काय मोडले? काहीच मोडले नसेल तर तो विभक्तीचा तक्ता आहे, क्रांती नाही. तक्ते पाठ करण्यात आमच्या शेकडो पिढ्या गेल्या. आता मूळ शब्दच खोडायचा आहे.

जय भीम!