मनोरा पाडू द्या

माझ्या भाचीच्या पहिल्या वाढदिवसाला मऊ ठोकळ्यांचे तीन सेट आले, तीन वेगवेगळ्या लोकांकडून. तिन्ही खोक्यांवर मेंदूचं चित्र. ठोकळ्यांच्या सहाही बाजूंवर काही ना काही छापलेलं: इंग्रजी अक्षर, आकडा, हत्ती, सफरचंद. कोरी बाजू एकही नाही.

संध्याकाळी ताईनं तिला सतरंजीवर बसवलं, मोबाइलचा कॅमेरा सुरू केला आणि विचारलं, "पिल्लू, 'ए' कुठंय? मम्माला 'ए' दे." पिल्लूनं एक ठोकळा उचलला, दाबला, तोंडात घातला. "तोंडात नाही घालायचं!" मग तिनं तो फेकला. "फेकायचं नाही!" मग ताईनं स्वतःच चार ठोकळ्यांचा मनोरा रचला. पोरीनं तो एका फटक्यात पाडला आणि खदखदून हसली. "असं नाही बाळा, लावायचं." दहा मिनिटांत पोरगी ठोकळे सोडून मोबाइलच्या मागे लागली. ताई मला म्हणाली, "हिचा फोकसच नाही रे."

माझं म्हणणं उलटं आहे. त्या दहा मिनिटांत एकच माणूस मन लावून काम करत होता, ती म्हणजे पोरगी. आपण तिच्या कामात सारखे आडवे येत होतो.

ती काय करत होती ते बघा. दाबून बघणं म्हणजे वस्तू किती मऊ, किती जड याचा अंदाज. या वयात तोंड हेही हातासारखंच ओळखीचं साधन असतं. फेकणं म्हणजे सोडलेली गोष्ट कुठं जाते, आवाज होतो का, आणि मामा ती परत आणून देतो का, याची तपासणी. पाडणं तर सगळ्यात मोठं काम. रचायच्या कितीतरी आधी मूल पाडायला शिकतं. एकावर एक ठोकळा ठेवणं साधारण वर्ष-सव्वा वर्षाच्या आसपास जमायला लागतं, कारण ठेवण्यासाठी बोटं वेळेवर सोडावी लागतात आणि हे सोडणं पकडण्यापेक्षा अवघड असतं. मनोरा पाडणारं मूल खेळ बिघडवत नाही. माझ्या हातानं जगात काहीतरी घडतं, हे ते पुन्हा पुन्हा पडताळून बघत असतं.

ठोकळा मऊ असण्याचा खरा फायदाही इथंच आहे. तो डोक्यावर पडला तरी लागत नाही, फेकला तरी काही फुटत नाही, खालच्या मजल्यावरचे काका बेल वाजवत नाहीत. म्हणजे मोठ्यांना 'नको' म्हणायचं कारणच उरत नाही. अशी वस्तू आणून आपण दर मिनिटाला 'नको' म्हणत असू, तर पैसे कशाचे मोजले?

बाजाराला हे सांगायचं नाहीये. बाजार भीती विकतो. व्हॉट्सअॅपवरच्या आईगटात कुणाचं तरी दीड वर्षाचं पोर रंग ओळखतं, आणि नोकरी सोडून घरी बसलेल्या माझ्या ताईला रात्री झोप लागत नाही. तिला दोष देण्यात अर्थ नाही. भीती तिची खरी आहे, औषध खोटं आहे.

'संशोधनानं सिद्ध' म्हणतात ना, त्यातलं एक बघू. 2007 साली अमेरिकेत सिएटलच्या संशोधकांनी दीड ते अडीच वर्षांच्या मुलांच्या घरी ठोकळे पाठवले. ठोकळे मिळालेल्या मुलांचे भाषेचे गुण जास्त आले, लक्ष देण्याच्या क्षमतेत मात्र ठोस फरक दिसला नाही. अभ्यास प्राथमिक होता आणि त्याला पैसा एका ठोकळे बनवणाऱ्या कंपनीचा होता. तरी समजा, भाषेचं खरं आहे. ते ठोकळ्यांवरच्या अक्षरांमुळे झालं असेल, की ठोकळ्यांशेजारी बसलेल्या माणसामुळे? 'वर ठेवला', 'पडला', 'अजून?' हे शब्द खोक्यातून येत नाहीत, शेजारी बसलेल्याच्या तोंडून येतात.

जर्मनीत 1837 साली बालोद्यानाची सुरुवात करणाऱ्या फ्रोबेलनं बाळांसाठी ठरवलेलं पहिलं खेळणं होतं लोकरीचे मऊ रंगीत चेंडू. लाकडी ठोकळे नंतर. पुढं त्याच्याच अनुयायांनी त्या खेळांची कवायत करून टाकली. म्हणजे खेळाला शिकवणी लावायचा रोग जुनाच आहे. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला वेगळी वाट काढली. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. खडे, शिंपले, बिया, पानं हेच साहित्य. 'अंगणवाडी' या शब्दात आधी अंगण आहे, ते उगाच नाही.

आता आपल्याकडे मेंदूचं चित्र असलेलं खोकं आहे, अंगण नाही. वन बीएचकेमध्ये सोफा, टीपॉय आणि टीव्ही युनिट मांडल्यावर पोराला उरते ती दोन फरशांची जागा. आणि अंगणवाडीत? तिथल्या ताईंनी पोषण आहार बघायचा, वजनं घ्यायची, अॅपमध्ये माहिती भरायची आणि उरलेल्या वेळात बालशिक्षण द्यायचं. खेळण्यांचे संच वाटल्याच्या बातम्या येतात. मुलांसोबत जमिनीवर बसायला तिला वेळ कोण वाटणार?

ठोकळे महाग असायची गरजही नाही. जुन्या सुती साडीचे सहा चौकोन, आत घट्ट भरलेला कापूस, दुहेरी शिवण; बटण, मणी, थर्माकोलचे दाणे नकोत, शिवण उसवली की ते घशात जातात. तान्ह्या बाळाच्या झोपायच्या जागी कुठलेच मऊ ठोकळे ठेवायचे नाहीत. आणि मूल मोठं झालं की लाकडी ठोकळे द्यायचे, कारण मऊ ठोकळ्यांचा उंच मनोरा डगमगतोच.

मग आपण करायचं काय? जमीन मोकळी करायची. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचा, कॅमेऱ्यासकट. आणि वीस मिनिटं काहीही न शिकवता बसायचं. हे शेवटचं फार जड जातं. मी गेल्या रविवारी बसलो. मी रचायचा, तिनं पाडायचा, असं अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी तिनं एक ठोकळा उचलला, बराच वेळ धरून ठेवला आणि माझ्या ठोकळ्यावर ठेवला. तो पडला. तिनं पुन्हा उचलला.

फोकस नाही म्हणे.