व्यवधान

माझं माहेर देवास जिल्ह्यातलं लोहारदा. उन्हाळा लागला की माझी इंदूरची भाचरं तिथे आजीकडे जायची, हे ठरलेलंच. एका वर्षी भाच्याने फोन केला, "आजी, पंधरा दिवस येऊ का?" आई म्हणाली, "ये की रे! पण माझ्यामागे सध्या फार व्यवधानं आहेत हं."

मुलगा गेलाच नाही. विचारलं तर म्हणाला, "आत्या, आजीच म्हणाली ना, व्यवधान होईल म्हणून."

तो हिंदी शाळेत शिकलेला. त्याच्या लेखी व्यवधान म्हणजे अडथळा, वर्तमानपत्रात 'विद्युत आपूर्ति में व्यवधान' छापून येतं तसा. आई मात्र वर्षाचे गहू, पापड आणि लोणच्यांबद्दल बोलत होती. मराठीत व्यवधानं म्हणजे मन एका जागी ठरू न देणारी कामं, काळज्या. तुझ्याकडे नीट लक्ष देता आलं नाही तर राग मानू नकोस, इतकंच तिला सांगायचं होतं.

शब्द दोन्ही भाषांनी घेतला संस्कृतातूनच. 'धा' म्हणजे ठेवणे. अवधान म्हणजे मन एका ठिकाणी ठेवणं, लक्ष. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे तेच मागतात. ते सुटलं की अनवधानाने चूक होते. आठ गोष्टींकडे एकाच वेळी लक्ष देतो तो अष्टावधानी. मंगलाष्टकांतलं 'सावधान' आणि तुमच्या शाळेच्या कवायतीतलं 'सावधान' हेही त्याच घरचं: स-अवधान. आणि व्यवधान म्हणजे मध्ये येणारं. हिंदीत ते कामाच्या मध्ये येतं, मराठीत बहुधा मनाच्या.

म्हणून "परीक्षेच्या दिवसांत दुसरी व्यवधानं नकोत" असं म्हणावं. मोबाइल हेही एक व्यवधानच! पण "पाऊस आल्यामुळे सामन्यात व्यवधान आलं" याऐवजी मराठीत सरळ 'व्यत्यय आला' म्हणावं.

आपण माळव्यातली माणसं दोन भाषांत वावरतो. ओळखीचा वाटणारा शब्दच कधी आपल्याला फसवतो. अशा वेळी मनात धरून न बसता "म्हणजे काय गं?" असं विचारून घ्यावं. भाच्याने विचारलं असतं, तर आईचा तो उन्हाळा सुना गेला नसता.

पुढच्या वर्षी तिनेच फोन केला, "व्यवधानं आहेतच रे. तू ये, आणि त्यातली दोन तू उचल."

या वेळी तो दुसऱ्याच दिवशी बसमध्ये बसला.