रस्त्याला झूम नको, पाय हवेत

मंडळी, आज जरा भांडायचं ठरवलं आहे. घरातल्या दोन-तीन तरुणांनी आणि काही ब्लॉगमित्रांनी एकच प्रश्न विचारला आहे : रस्त्यावरचे फोटो काढायला डिजिटल कॅमेरा कोणता घेऊ? प्रश्न उत्तम. पण त्याला दोन शेपट्या ठरलेल्या. मेगापिक्सेल किती? आणि झूम किती? माझ्या मते पहिला प्रश्न निरर्थक आहे, आणि दुसरा चक्क वाईट आहे.

आधी मेगापिक्सेल. हिशोब चौथीतल्या मुलाला जमेल इतका सोपा. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. ८ बाय १२ इंचांचा फोटो म्हणजे २४०० गुणिले ३६००, म्हणजे सुमारे ८६ लाख ठिपके. नऊ मेगापिक्सेलसुद्धा नाहीत! भिंतीवर लावायला १२ बाय १८ इंचांचा केला तरी साडेएकोणीसच्या आत. आणि खरं सांगा, शेवटचा फोटो छापून कधी घेतलात? मग चाळीस-साठ मेगापिक्सेलसाठी खिसा कशाला रिकामा करायचा?

आता झूम. ७०-२००चं ते पांढरं नाहीतर काळं नळकांडं गळ्यात अडकवून माणसं मंडईत येतात. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून अलीकडच्या भाजीवालीच्या सुरकुत्या टिपतात आणि निघून जातात. तिला पत्ताही नसतो. विचारलं तर उत्तर तयार : "जवळ गेलं की माणसं अवघडतात, चेहरा नैसर्गिक राहत नाही." अहो, पण अवघडणं हा तिचा हक्क आहे! मान फिरवणं, पदर सावरणं, "काय काढतोस रे?" असं खडसावणं, सगळा तिचा हक्क. लांबचं भिंग तो हक्क गुपचूप काढून घेतं. पुढे तोच चेहरा 'कष्ट' नाहीतर 'जगण्याची लढाई' अशा नावाने प्रदर्शनात लागतो. तिने वीस रुपयांना विकलेली मेथीची जुडी मात्र तुम्ही घेतलेली नसते.

वर्गातही हेच पाहिलं आहे. खुर्चीत बसून लांबून पोरांवर नजर ठेवणारे शिक्षक वेगळे, आणि मागच्या बाकापर्यंत चालत जाणारे वेगळे. पोरं कोणाला कळली, हे सांगायला नको.

कोणीतरी म्हणेलच की न्यूयॉर्कमध्ये सॉल लीटर यांनीही लांब भिंगं वापरली. वापरली, आणि सुंदर वापरली. पण त्यांचे फोटो नीट पाहा. धुकटलेल्या काचा, बर्फ, छत्र्या, रंगांचे पट्टे. कोणाचं दैन्य चोरून आणलेलं तिथे सहसा दिसत नाही. उलट कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यभर मुख्यतः ५० मिमीचं एकच भिंग आणि छोटा लायका वापरला. १९४७-४८ साली ते भारतात होते, गांधीजींच्या अंत्ययात्रेचे त्यांचे फोटो जगाने पाहिले. झूमवाचून काही अडलं नाही.

मग घ्यायचं काय? छोटा, एकाच भिंगाचा कॅमेरा. रिकोचा जीआर थ्री (२०१९) घ्या. २८ मिमीची नजर, २४ मेगापिक्सेल, सेन्सर मोठ्या कॅमेऱ्यांइतका आणि वजन बॅटरीसकट २५७ ग्रॅम. शर्टाच्या खिशात मावतो. २८ मिमी फार रुंद वाटलं तर त्याचाच ४० मिमीचा भाऊ २०२१ साली आला. दोष आहेतच : डोळ्याला लावायची खिडकी नाही, उन्हात पडदा दिसत नाही, बॅटरी लवकर संपते, आणि आपल्याकडच्या धुळीपासून तो जपावा लागतो. खिडकी हवीच असेल तर फुजीफिल्मची एक्स१०० मालिका पाहा, ३५ मिमीची. नवा परवडत नसेल तर २०१३ सालचा १६ मेगापिक्सेलचा जीआर जुन्या बाजारात शोधा. वरचा हिशोब आठवा, सोळा पुष्कळ झाले.

वापरायची रीतही सोपी आहे. उन्हात २८ मिमीवर ॲपर्चर एफ/८ ठेवा आणि फोकस दोन मीटरवर बांधून टाका. एक मीटरपासून पार लांबपर्यंत सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं, फोकस शोधत बसावं लागत नाही. मंडईच्या आतल्या अंधुक उजेडात मात्र ॲपर्चर उघडावं लागतं, आयएसओ ३२०० करावा लागतो, थोडे दाणे दिसतात. दिसू देत की! दाणे दिसले म्हणून फोटो वाईट ठरत नाही.

आणि हे सगळं नको असेल तर हातातला मोबाइल काय वाईट आहे? त्याचं मुख्य भिंगही रुंदच असतं, जवळ गेल्याशिवाय काही मिळत नाही. त्या नळकांड्यापेक्षा तो शंभर पटींनी सभ्य.

म्हणून कॅमेरा निवडताना एवढंच विचारा : हा मला माणसाच्या जवळ नेईल की लांब उभं राहायची सोय करून देईल? दोन मीटरवर उभं राहिलं की समोरच्याला तुम्ही दिसता. तो हसतो, कपाळाला आठ्या घालतो, नाहीतर हात हलवून नको म्हणतो. नको म्हणाला तर कॅमेरा खाली करायचा आणि नमस्कार करायचा. तो फोटो गेला तर गेला.

असो. ज्यांना राग आला असेल त्यांनी खाली खुशाल लिहावं. झूम न वापरता, समोर येऊन!