दूरदेशाहून आणलेलें मूल

दत्तकाची चाल आपल्याकडे नवी नाहीं. नात्यांतला एखादा मुलगा पाहावा, होम करावा, आणि वंशाला नांव व पितरांना पिंड यांची तरतूद करून ठेवावी, अशी आपली जुनी कल्पना. तींत मुलीला बहुधा जागा नसे. ती १९५६ च्या हिंदु दत्तक व पोषण कायद्यानें दिली. परंतु समुद्रापलीकडे जाऊन वेगळ्या वर्णाचें व वेगळ्या भाषेचें मूल घेऊन येणारीं जोडपीं जगांत पुष्कळ झालीं आहेत. त्यांच्या अनुभवांत आपणांसहि घेण्यासारखें कांहीं आहे, म्हणून या महिन्यांत चीन देशाचें उदाहरण वाचकांपुढें ठेवीत आहों.

‘एकच अपत्य’ या सरकारी नियमामुळें आणि मुलाच्या हव्यासामुळें चीनमध्यें कित्येक नवजात मुली बाजारांत, रस्त्याच्या कडेला किंवा अनाथाश्रमाच्या दाराशीं ठेवलेल्या सांपडत. १९९२ मध्यें दत्तकाचा कायदा अमलांत आला व परदेशीयांस दार मोकळें झालें. २०२४ मध्यें चीननें तें मिटलें. आतां कांहीं जवळच्या नातेवाइकांपुरतीच सवलत उरली आहे. मधल्या बत्तीस वर्षांत दीड लाखाहून अधिक मुलें परदेशीं गेलीं. त्यांपैकीं सुमारें ८२,००० एकट्या अमेरिकेंत गेलीं, व त्यांत मुलींचाच भरणा मोठा होता.

घरची चौकशी व्हावी, कागदपत्रांचा जुडगा बीजिंगला जावा, आणि मग महिनेच्या महिने, पुढें पुढें तर वर्षानुवर्षें, वाट पाहावी. शेवटीं एक छायाचित्र व आरोग्याचें टिपण येई. जोडपें त्या प्रांताच्या राजधानींत पोंचलें, म्हणजे सरकारी कचेरींत किंवा उतारशाळेंत मूल त्यांच्या हातीं दिलें जाई. तेथील नोंदणी आटोपली, कीं अमेरिकन कुटुंबांचा मुक्काम प्रवेशपत्रासाठीं ग्वांगझौ शहरीं पडे. तेथें शामीन बेटावरील व्हाइट स्वॉन हॉटेलांत लाल कोचावर सर्व मुलांना ओळीनें बसवून छायाचित्र घेण्याचा जणूं प्रघातच पडून गेला होता.

छायाचित्रांत आईबापांचा आनंद दिसतो; मुलाच्या मनांतलें मात्र दिसत नाहीं. त्याच्या दृष्टीनें तो दिवस वियोगाचा असतो. ओळखीची दाई, तिचा आवाज, अन्नाचा वास, पाळण्यांतले सोबती, हें सारें एका दिवसांत नाहींसें होतें. कोणी मूल तासन् तास रडतें, कोणी अगदीं गप्प होतें, कोणी बापाकडे पाहावयासहि तयार होत नाहीं. आणि कोणी ज्याच्या त्याच्याकडे हंसत जातें. त्याला आपण गुणी म्हणतों, पण आपलें माणूस कोणतें हें त्याला उमगलेलें नाहीं, असाहि त्याचा अर्थ असूं शकतो.

जॉन बोल्बी यांनीं १९५१ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेसाठीं लिहिलेल्या अहवालांत, लहान मुलाला एका ठराविक माणसाची सततची माया अन्नाइतकीच आवश्यक आहे, असें प्रतिपादन केलें. पुढें रुमानियांतील अनाथाश्रमांतून इंग्लंडांत आलेल्या मुलांचा मायकेल रटर यांनीं दीर्घकाळ अभ्यास केला. सहा महिन्यांच्या आंत आलेलीं मुलें बहुतांशीं इतरांसारखीं वाढलीं. त्याहून अधिक काळ तेथें काढलेल्या कित्येकांच्या अडचणी मात्र मोठेपणींहि टिकल्या. माया पुष्कळ करूं शकते, पण तिला वेळ लागतो, आणि कधीं वैद्याचें साह्यहि लागतें.

एकत्र कुटुंबांनीं येथें विशेष जपावें. नवें मूल आलें, कीं आजी, काकू, आत्या सर्वांनाच तें मांडीवर हवें असतें. परंतु पहिले कांहीं आठवडे भरवणें, न्हाऊं घालणें, निजवणें व रडें थांबवणें हीं कामें आईबापांनींच करावीं. इतरांनीं स्वयंपाक व पैपाहुणे सांभाळावे. बारशाचा थाट दोन महिने पुढें गेला तर कांहीं बिघडत नाहीं.

आणखी एक गोष्ट याहून अवघड आहे. चीनमधील हूनान प्रांतांत कांहीं अनाथाश्रमांनीं पैसे देऊन मुलें मिळविल्याचें २००५ मध्यें उघडकीस आलें. कोरियांतून परदेशीं गेलेल्या मुलांच्या बाबतींत खोटे कागद झाले व सरकारनें आपलें कर्तव्य केलें नाहीं, असा निर्णय तेथील सत्यशोधन आयोगानें २०२५ मध्यें दिला. मुलाला प्रथम त्याच्याच देशांत घर शोधावें, व दत्तकांत कोणी नफा कमावूं नये, हें तत्त्व १९९३ च्या हेग करारांत आहे. भारतानेंहि २००३ मध्यें तो स्वीकारला. इतकें असूनहि आपण आणलेल्या मुलाची आई कोठेंतरी त्याला शोधीत असेल, ही शक्यता मनांत बाळगूनच त्याला वाढवावें लागतें.

म्हणून मुलापासून कांहीं लपवूं नये. तें बोलूं लागण्याआधींपासूनच त्याची हकीकत त्याला साध्या शब्दांत सांगावी, त्याचे मूळ कागद, आश्रमांतलें नांव व अंगावरचे पहिले कपडे जपून ठेवावे. शेजारणीच्या तोंडून त्याला प्रथम कळलें, तर आईबापांवरचा विश्वास तुटतो व तो पुन्हां जोडणें फार कठीण जातें. तें मोठें होऊन आपल्या जन्मभूमीचा शोध घ्यावयास निघालें, तर त्याला कृतघ्न म्हणूं नये. शक्य असेल तर तिकिटाचे पैसे द्यावे आणि बरोबर जावें.