राष्ट्रपतीचा नवरा आणि सरपंचाचा नवरा

पनवेलजवळच्या कोन गावी बैठक संपली तेव्हा एका भगिनीने आम्हाला विचारले, "राष्ट्रपतीच्या नवऱ्याला काय म्हणायचे?" राष्ट्रपतीच्या बायकोबद्दल असा प्रश्न कोणाला पडत नाही. १९९७ साली के. आर. नारायणन पहिले दलित राष्ट्रपती झाले. त्यांच्या पत्नी उषा नारायणन ब्रह्मदेशात जन्मलेल्या, पण त्यांची ओळख किती जणांना आहे?

२००७ साली प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या आणि 'राष्ट्रपती' या शब्दावरच काथ्याकूट सुरू झाला. वास्तविक त्या १९६२ लाच आमदार झालेल्या, लग्न त्यानंतर १९६५ ला. पती देवीसिंह शेखावत स्वतः आमदार, अमरावतीचे महापौर राहिलेले. तरी राष्ट्रपती भवनात सही चालायची ती प्रतिभाताईंचीच, कारण संविधानाने राष्ट्रपतीच्या जोडीदाराला ना पद दिले, ना अधिकार.

गावात मात्र उलटी गंगा! ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून महिलांना राखीव जागा मिळाल्या, महाराष्ट्राने २०११ ला त्या निम्म्यावर नेल्या. लगेच 'सरपंचपती' उभा राहिला. निवडून येते आमची भगिनी, खुर्चीत बसतो तिचा नवरा. कागद सहीपुरता घरी जातो. मनुवाद्यांवर आम्ही रोज लिहितो, पण हा नवरा पुष्कळदा आपलाच असतो, १४ एप्रिलला मंचावर पुढे बसणारा.

"नवराच म्हणा," आम्ही त्या भगिनीला सांगितले.

"आणि सरपंचाच्या नवऱ्याला?"

"त्यालाही. फक्त मासिक सभेला त्याला बाहेर बसवा."