तीस दिवसांचे काम आणि वर्षभराचा रोजगार



देशातील बेरोजगारी २०१७-१८ मधील ६.१ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ३.२ टक्क्यांवर आली, हा दाखला हल्ली प्रत्येक चर्चेत दिला जातो. आकडा खोटा नाही. पण तो कोणत्या मोजपट्टीचा, हे कुणी सांगत नाही आणि माझा आक्षेप त्यालाच आहे.

हा दर ‘नेहमीच्या स्थिती’चा आहे. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात त्यासाठी मागचे ३६५ दिवस पाहतात. श्रमबलातला बराचसा काळ काम शोधण्यात गेला, तरी दुय्यम काम म्हणून ३० दिवस भरले की माणूस रोजगारात जमा होतो. मागच्या फक्त सात दिवसांची विचारणा केली, की त्याच २०२३-२४ चा दर ४.९ टक्के निघतो. तोही आठवड्यात एक तास काम केलेल्याला रोजगारात धरून!

बीडकडचे ऊसतोडीचे जोडपे घ्या. मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास निघते, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की परत येते. पुढे पाऊस पडेपर्यंत हाताला काम मिळो न मिळो, वार्षिक मोजणीत दोघेही रोजगारातच. हंगामी बेरोजगारी अशी गडप होते.

छुप्या बेरोजगारीचे तर विचारूच नका. याच सहा वर्षांत ग्रामीण कामकरी स्त्रियांमधील स्वयंरोजगाराचे प्रमाण ५७.७ वरून ७३.५ टक्क्यांवर गेले. घरच्या शेतीत विनामोबदला राबणारी सूनही त्यातच येते. तिचे श्रम मोजले गेले, हे योग्यच झाले. पण तिच्या हाती पैसा नसताना तिच्या नावावर रोजगारवाढ मिरवणे अन्यायाचे आहे.

स्वयंरोजगारावर चालणाऱ्या आपल्या देशात बेरोजगारी एका आकड्यात मावत नाही, हे बेरोजगारीचे अंदाज तपासण्यासाठी नेमलेल्या दांतवाला समितीने १९७० मध्येच बजावले होते. त्यानंतर राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९७२-७३ च्या फेरीपासून अर्ध्या-अर्ध्या दिवसाचा हिशेब ठेवणारी ‘दैनिक स्थिती’ आली. २०११-१२ च्या एकाच पाहणीत वार्षिक दर २.२, साप्ताहिक ३.७ आणि दैनिक ५.६ टक्के निघाला होता. माणसे तीच, वर्षही तेच.

म्हणून सांख्यिकी मंत्रालयाने वार्षिक दराशेजारी दैनिक दर आणि विनामोबदला राबणाऱ्यांचे प्रमाण तितक्याच ठळकपणे द्यावे. आपल्या दैनिकानेही बेरोजगारीची बातमी छापताना आकडा कोणत्या मोजणीचा, हे मथळ्याखालीच नमूद करावे, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षक, गेवराई (जि. बीड)