ताईंचा सल्ला : भत्ता की नोकरी?

प्रश्न : माझे यजमान अमेरिकन सैन्यात होते. पाठ व गुडघा यांमुळे त्यांचे अपंगत्व ७० टक्के ठरले आहे. वर्षभर घरीच आहेत. आता जुन्या कचेरीतून बोलावणे आले आहे. ‘नोकरीस असमर्थ’ असा अर्ज केल्यास १०० टक्क्यांचा भत्ता मिळेल म्हणतात. काय करावे? — एक भगिनी, न्यू जर्सी

उत्तर : भगिनी, दोन वाटांची गल्लत करू नका. दुखण्यांच्या टक्केवारीनेच १०० भरले, तर नोकरीस सहसा आडकाठी नसते. (बेरीज मात्र साधी नव्हे, ५० आणि ३० मिळून ६५ होतात व ७० धरतात.) ‘असमर्थ’ ही वाट निराळी. तिला सामान्यतः एकच दुखणे ६० टक्क्यांचे, किंवा एकूण ७० व त्यांत एक ४० चे लागते. शिवाय त्यामुळे पोटापुरती नोकरी जमत नाही, हे दाखवावे लागते.

म्हणून आधी डॉक्टरांना विचारा. देह साथ देत नसेल, तर अर्ज करण्यात लाज कसली? ती भीक नव्हे. पुढे बरे वाटून नोकरी धरली, तरी ती सलग १२ महिने टिकल्याखेरीज केवळ त्या कारणाने भत्ता काढीत नाहीत. पण काम होण्याजोगे असताना ‘होत नाही’ असे लिहून देऊ नका. तसे लिहिलेला माणूस हळूहळू ते खरे मानू लागतो.